पडद्यावरचा चुना आणि सेलेनियमची गोळी

परवा ओपीडीत एक आजी नातवाला घेऊन आल्या. सोबत मुलाचे वडील. दोन वर्षांपूर्वी कानात पाणी साचून ऐकू येईना म्हणून त्या पोराच्या दोन्ही पडद्यांत ग्रोमेट, म्हणजे बारीक नळ्या, बसवल्या होत्या. नळ्या केव्हाच गळून पडल्या, कान कोरडे, पोरगं छान बोलत होतं. दुर्बीण कानात घातली तेव्हा समोरच्या स्क्रीनवर डावा पडदा दिसला आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागात घोड्याच्या नालेसारखा पांढराफटक पट्टा.

"हेच ते," आजी म्हणाल्या. "तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, पडद्यावर कॅल्शियम जमलंय. त्या दिवसापासून मी याचं दूध बंद केलं." पोराच्या चेहऱ्यावर दूध बंद झाल्याचं काहीही दुःख नव्हतं. तेवढ्यात वडिलांनी पिशवीतून एक बाटली काढून टेबलावर ठेवली. सेलेनियम आणि झिंकच्या गोळ्या. "डॉक्टर, उजव्या कानात पुन्हा पाणी आहे, परत नळी लागेल म्हणतात. या वेळी आधीपासून हे सुरू केलं तर पडदा कडक होत नाही, असं वाचलं."

आजींची समजूत दोन मिनिटांत दूर करता आली. वडिलांना मात्र 'असलं काही नसतं' एवढंच सांगून वाटेला लावणं बरोबर नव्हतं, कारण त्यांनी वाचलं ते अगदीच बिनबुडाचं नव्हतं. त्यांना जे सांगितलं तेच इथे जरा विस्ताराने लिहितो. कानाची शस्त्रक्रिया ठरलेल्या किंवा नुकत्याच झालेल्या घरात हा प्रश्न हल्ली हमखास निघतो.

आधी तो पांढरा डाग म्हणजे काय ते पाहू. कानाचा पडदा साधारण ९ मिलिमीटर रुंद आणि जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड असतो. एवढ्याशा जाडीत तीन थर: बाहेरून त्वचा, आतून ओलसर अस्तर आणि मध्ये कोलॅजनच्या तंतूंची विणलेली चटई. पडद्याला चीर दिली, नळी बसवली किंवा कान वारंवार फुटला, की हा मधला थर दुखावतो. बहुतेक वेळा तो नीट भरून येतो. काही वेळा तिथले तंतू सुजून, एकमेकांत वितळल्यासारखे होऊन घट्ट होतात आणि त्या घट्ट झालेल्या जागी कॅल्शियम फॉस्फेटचे कण बसतात. याला आम्ही मायरिंगोस्क्लेरोसिस म्हणतो. नाव भीतिदायक आहे, पण हा एक वण आहे. गुडघा फुटल्यावर राहतो तसाच, फक्त चुना धरलेला. चुना जखमेमुळे धरतो, दुधामुळे नाही. रक्तातलं कॅल्शियम अगदी बरोबर असलं तरी धरतो. त्यामुळे वाढत्या वयाच्या पोराचं दूध तोडून पडद्याला काडीचाही फायदा होत नाही, हाडांचं मात्र नुकसान होतं.

हा वण दुर्मीळही नाही. अनेक अभ्यासांची एकत्र बेरीज मांडणारी एक पाहणी २००१ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात नळी बसवलेल्या कानांपैकी ३२ टक्के कानांत तो आढळला. म्हणजे तीन कानांत एक. आणि यांतल्या बहुतेक मुलांच्या ऐकण्यावर त्याचा परिणाम होत नाही, झाला तरी काही डेसिबलचा, मशीनला कळणारा पण मुलाला न कळणारा. खरी अडचण होते ती हीच प्रक्रिया पडद्यापलीकडे जाऊन कानातल्या हाडांच्या साखळीला, विशेषतः शेवटच्या रिकिबीच्या हाडाला, जखडून टाकते तेव्हा. त्याला टिम्पॅनोस्क्लेरोसिस म्हणतात. तो बहुधा वर्षानुवर्षं वाहणाऱ्या कानांत दिसतो. एका नळीने सहसा तिथवर मजल जात नाही. म्हणून रिपोर्टवर नेमकं काय लिहिलंय ते पाहा आणि फरक कळत नसेल तर विचारा. दोन्ही शब्द सैलपणे एकमेकांच्या जागी वापरायची आमच्या धंद्यात खोड आहे, हे कबूल करतो.

आता खनिजांकडे.

पडद्यामागच्या पोकळीत जी हवा असते ती आपण श्वासात घेतो तशी नसते. बाहेरच्या हवेत २१ टक्के प्राणवायू, तर मध्यकर्णात त्याच्या निम्म्याहूनही कमी. तिथलं अस्तर आणि पडद्याचा आतला भाग त्या कमी प्राणवायूलाच सरावलेला असतो. पडद्याला भोक पाडलं की बाहेरची हवा थेट आत. १९९० च्या दशकात स्वीडनमधल्या उमेओ विद्यापीठात क्लेस मॅटसन आणि स्टेन हेलस्ट्रॉम यांनी उंदरांच्या पडद्यांना चीर देऊन त्यांना कमी-जास्त प्राणवायूच्या हवेत ठेवलं. प्राणवायू जितका जास्त, तितका चुना जास्त. दुखावलेल्या पडद्याला अचानक मिळालेला जादा प्राणवायू बाधतो, असा त्याचा अर्थ. भाजीसाठी चिरलेलं वांगं तसंच ताटात ठेवलं तर काळं पडतं, म्हणून आपण फोडी पाण्यात टाकतो. जखम आणि हवा यांचं नातं तिथे आणि इथे अगदी एकच नाही, पण कल्पना यायला पुरेसं आहे.

जादा प्राणवायूतून तयार होतात मुक्त मूलक: अर्धवट, चिडखोर रेणू, जे शेजारच्या तंतूंवर तुटून पडतात. शरीराकडे त्यांच्यासाठी बंदोबस्त असतो आणि तो बंदोबस्त खनिजांवर चालतो. सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे विकर १९६९ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जो मॅककॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी ओळखलं. त्याच्या एका प्रकारात तांबं आणि जस्त असतं, दुसऱ्यात मँगनीज. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या दुसऱ्या विकराच्या गाभ्यात सेलेनियम असतं, हे १९७३ साली कळलं. तिसरं, कॅटलेज, लोहावर चालतं. म्हणजे 'अँटिऑक्सिडंट खनिजं' हा शब्दच थोडा फसवा आहे. नुसतं सेलेनियम किंवा नुसतं जस्त मुक्त मूलकांशी लढत नाही. ते विकरात बसलं तरच कामाचं, कुलपात बसलेल्या किल्लीसारखं. खिशात दहा किल्ल्या ठेवल्या म्हणून दहा कुलपं तयार होत नाहीत.

लोहाची गोष्ट तर आणखी गुंतागुंतीची. कॅटलेजमध्ये तेच लोह रक्षण करतं. पण जखमेत सांडलेल्या रक्तातून मोकळं सुटलेलं लोह सर्वांत विध्वंसक मूलक तयार करायला हातभार लावतं. म्हणूनच उमेओच्या उंदरांमध्ये पडद्यावर थेट लावलेलं, लोहाला धरून ठेवणारं डेफेरॉक्सामिन हे औषध उपयोगी पडलं आणि तांबं-जस्तवालं डिसम्युटेजही. पुढे तुर्कस्तानातल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी सेलेनियम, ई जीवनसत्त्व, एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन अशी एकेक द्रव्यं उंदरांवर तपासली आणि बऱ्याच ठिकाणी चुना कमी दिसला. वडिलांनी वाचलं ते हेच.

मग गोळी का नाही?

पहिलं कारण म्हणजे उंदराचा कान. तो निरोगी असतो, त्याला चीर एकदाच दिली जाते आणि औषध ठरल्या वेळी, अनेकदा थेट पडद्यावर पडतं. आपल्या पोराच्या कानात महिनोन्‌महिने चिकट पाणी साचलेलं असतं, आधी चारदा जंतुसंसर्ग झालेला असतो आणि नळी पडद्यात वर्षभर बसून राहते. पोटात घेतलेली गोळी त्या ०.१ मिलिमीटरच्या पडद्यात किती पोहोचते हा तर आणखी वेगळा प्रश्न.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सेलेनियमवर चालणारी विकरं शरीराची गरज भागेपर्यंत वाढतात, मग थांबतात. पुरेसं सेलेनियम मिळणाऱ्याला आणखी दिलं तर विकरं वाढत नाहीत, उरलेलं नुसतं साचतं किंवा बाहेर जातं. प्रयोगशाळेत चमकलेली कल्पना माणसांत कशी फसते याचा धडा अँटिऑक्सिडंटच्या बाबतीत आपण एकदा घेतलेला आहे. अमेरिकेत २००१ साली ३५ हजारांहून जास्त पुरुषांवर 'सिलेक्ट' नावाची चाचणी सुरू झाली, रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम आणि ई जीवनसत्त्वाने प्रोस्टेटचा कर्करोग टळतो का ते पाहायला. २००८ मध्ये गोळ्या थांबवाव्या लागल्या, कारण फायदा दिसेना. २०११ मध्ये तर नुसतं ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत हा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त निघाला. म्हणून नळीच्या शस्त्रक्रियेसाठीच्या प्रचलित वैद्यकीय मार्गदर्शनात वण टाळायला खनिजांच्या गोळ्या द्या, असं कुठेही म्हटलेलं नाही.

आणि सेलेनियम ही 'घेऊन टाकू, तोटा तर नाही' म्हणावी अशी वस्तू नाही. २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव परिसरातल्या गावांत लोकांचे केस मुठीत येऊ लागले, काहींना दोन-चार दिवसांत टक्कल पडलं, ते आपल्या लक्षात असेल. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं होतं. केस गळणं, नखं ठिसूळ होऊन पडणं, श्वासाला लसणासारखा वास येणं ही जादा सेलेनियमची ठरलेली लक्षणं आहेत. अमेरिकेत २००८ साली एका द्रवरूप पूरकात लेबलावर छापल्याच्या २०० पट सेलेनियम निघालं आणि सुमारे २०० जण आजारी पडले. भारतीय प्रौढाची रोजची गरज ४० मायक्रोग्रॅम आहे. मायक्रोग्रॅम, मिलिग्रॅम नव्हे. बाटलीवरच्या बारीक अक्षरांत या दोन शब्दांतला फरक हजारपट असतो. चष्मा लावून वाचा.

जस्त त्या मानाने ओळखीचं. जुलाब झालेल्या लहान मुलांना १० ते १४ दिवस जस्ताच्या गोळ्या देतात, त्यामुळे घरोघरी त्या पाहिलेल्या असतात. पण तिथे कारण आणि मुदत दोन्ही ठरलेली असतात. महिनोन्‌महिने जास्त जस्त घेत राहिलं तर आतड्यातून तांबं शोषलं जात नाही. म्हणजे ज्या विकराला जस्त हवं म्हणून गोळी घेतली त्याच विकराचं तांबं आपण कमी करतो! पुढे रक्तक्षय, हातापायांना मुंग्या. रिकाम्या पोटी घेतलं तर मळमळही होऊ शकते.

शस्त्रक्रियेच्या दिवसांत याहून तातडीची एक गोष्ट. प्रौढांना शस्त्रक्रियेनंतर कधीकधी सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिन पोटात घ्यायला देतात. त्याच वेळी जस्त, लोह किंवा कॅल्शियमची गोळी घेतली तर खनिज त्या औषधाला चिकटतं आणि प्रतिजैविक पुरेसं शोषलं जात नाही. आधी प्रतिजैविक, मग किमान दोन तासांनी खनिज, किंवा ते आठवडाभर बाजूलाच. घरात आधीपासून कोण कसली गोळी घेतंय ते डॉक्टरांना सांगा. 'ती काय, साधी ताकदीची आहे' म्हणून लपवू नका. माझ्या एका रुग्णाचा कान दोन आठवडे वाहत राहिला आणि शेवटी कळलं की रोज सकाळी दोन्ही गोळ्या एकाच घोटात जात होत्या.

मग जेवणातून? तिथे माझी काही हरकत नाही. जखम भरायला जस्त लागतं आणि ज्याच्या ताटात ते खरंच कमी आहे त्याची जखम रेंगाळते. आपल्याकडे जस्त कमी पडतं ते बहुतेक वेळा धान्य-कडधान्यांतल्या फायटेटमुळे. तो जस्ताला धरून ठेवतो. त्यावरचा उपाय आपल्या घरांत चालत आलेलाच आहे: मोड आणणं आणि आंबवणं. मोडाची मटकी, आंबोळी, अंबील, इडली यांतलं जस्त नुसत्या डाळीतल्यापेक्षा बरं शोषलं जातं. तीळ, कारळं, काजू, भोपळ्याच्या बिया, अंडं यांत ते चांगलं असतं, मांसाहारी घरांत मटणात आणि कोकणातल्या कालवांत तर भरपूर. सेलेनियमसाठी मासे, अंडी, चिकन, गहू. क जीवनसत्त्व खनिज नव्हे, पण एक पेरू किंवा आवळा रोज खाल्ला तर बरंच. शस्त्रक्रियेआधीच्या महिन्यात एवढं नीट जेवावं. मूल फारच अशक्त, सतत आजारी किंवा फिकट दिसत असेल तर हिमोग्लोबिन तपासून बालरोगतज्ज्ञांना जे द्यावंसं वाटेल ते द्यावं. ते कमतरतेसाठी, पडद्यासाठी नव्हे.

पडद्यासाठी जे करता येतं ते बरंचसं शस्त्रक्रियेआधीच्या बोलण्यात आहे. ते बोलणं आपण दहा मिनिटांत उरकतो, यात डॉक्टरांचाही दोष आहे. विचारा: नळी आत्ताच लागणार का? सर्दीनंतर कानात साचलेलं पाणी पुष्कळदा आपोआप ओसरतं, म्हणून इतर काही धोका नसेल तर तीन महिने वाट पाहून, ऐकण्याची तपासणी करून मगच नळीचं ठरवतात. जी नळी बसवावीच लागली नाही तिचा वण राहत नाही. दुसरं विचारा, नळी कोणती. कमी मुदतीच्या नळ्या साधारण वर्षभरात आपोआप बाहेर येतात. टी आकाराच्या जास्त मुदतीच्या नळ्या राहतात जास्त, पण त्यांच्यामागे पडद्याला कायमचं भोक राहण्याचं प्रमाण बरंच मोठं आहे. तिसरं, पुन्हा नळी लागू नये म्हणून काय. प्रत्येक नव्या चिरेबरोबर वणाची शक्यता वाढते. मूल चार वर्षांहून मोठं असेल आणि दुसऱ्यांदा नळी लागत असेल तर नाकामागचे अ‍ॅडेनॉइड सोबत काढल्याने तिसरी वेळ यायचं प्रमाण कमी होतं. त्या पोराच्या वडिलांशी माझं खरं बोलणं यावरच झालं. घरातल्या विडी-सिगारेटचा धूर, चुलीचा धूर हेही कानात पाणी साचण्याशी जोडलेलं आहे. आजोबा ओसरीत ओढतात, घरात नाही, हे मी रोज ऐकतो. धूर ओसरीत थांबत नाही.

शस्त्रक्रियेनंतर दोन वेगळ्या वाटा आहेत, त्यांची गल्लत करू नका. नळी बसवलेल्या मुलाला साध्या आंघोळीसाठी किंवा स्वच्छ टाकीतल्या पोहण्यासाठी कान बंद करायची सरसकट गरज नसते. विहीर, नदी, तळं आणि साबणाच्या पाण्यात डोकं बुडवणं मात्र टाळा. पडदा शिवलेल्या, म्हणजे टिम्पॅनोप्लास्टी झालेल्या माणसाने डॉक्टर सांगेपर्यंत कान पूर्ण कोरडा ठेवायचा. व्हॅसलीन लावलेला कापूस बाहेरच्या तोंडाशी, मगच आंघोळ. शिंक आली तर तोंड उघडून द्यायची, नाक जोरात शिंकरायचं नाही, विमान काही आठवडे नाही, आणि तंबाखू ओढणाऱ्याने निदान तेवढे महिने ती सोडायची. बसवलेला पडदा नीट धरत नाही त्यात धुराचा हात असतो. मोठ्यांच्या या शस्त्रक्रियेत भोकाच्या कडेला जुना चुना असेल तर शल्यचिकित्सक तो सहसा काढतात, कारण त्या जागेला रक्तपुरवठा नसतो. तो काढला म्हणजे काही बिघडलं असं समजू नका.

तेल. हे वेगळं लिहायलाच हवं. लसूण घालून कोमट केलेलं खोबरेल कानात घालायची पद्धत आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की एका आजोबांनी मला ऐकवलं, लसणात सेलेनियम असतं म्हणे! असतं थोडंसं. पण नळी किंवा भोक असलेल्या कानात ते तेल थेट आत जातं आणि सोबत जंतू नेतं. मेडिकलच्या दुकानातून स्वतःहून आणलेले मळ विरघळवायचे थेंबही नकोत. कान वाहू लागलाच तर थेंब डॉक्टरांकडूनच घ्या. जेंटामायसिन किंवा निओमायसिन असलेले थेंब पडद्याच्या भोकातून आतल्या कानापर्यंत पोहोचले तर ऐकण्याला इजा करू शकतात. घरात जुनी बाटली असेल तर तिच्यावरचं नाव आधी वाचा.

आणि त्या पांढऱ्या पट्ट्याचं काय? काही नाही. तो घासून काढायचा नसतो, त्यावर थेंब नाहीत, तो वर्षानुवर्षं तसाच राहतो. पहिल्यांदा दिसला त्या दिवशीचा फोटो फोनमध्ये ठेवा, म्हणजे पुढच्या डॉक्टरांना जुनं काय आणि नवं काय ते कळेल. ऐकण्याची तपासणी मात्र करून घ्या. ती नीट असेल तर शाळेत आणि फाईलमध्ये तेवढंच लिहायचं. वर्गात मूल मागे वळून बघत नसेल, टीव्हीचा आवाज वाढवत असेल, तर वणाकडे बोट न दाखवता पाणी पुन्हा साचलंय का ते आधी पाहायचं. बहुतेकदा तेच निघतं.

नळी बाहेर येते तेव्हा कुणाला कळतही नाही. उशीवर मळाच्या खड्यात अडकलेली एखादी निळी किंवा पांढरी रिंग सापडते. आईवडील ती डबीत घालून माझ्याकडे आणतात. आणायची गरज नाही, पण सापडली ती तारीख फाईलवर लिहून ठेवा आणि पडदा मिटला का ते पाहायला थोड्याच दिवसांत एकदा या.